पितळ, हरताळ आणि एक पीडीएफ : वारसावस्तूंच्या मापनसेवेचा बडोद्यातील अनुभव

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या घराण्याचा एक लहानसा खासगी न्यास आहे. गायकवाडांच्या चाकरीत असलेल्या पूर्वजांच्या चीजवस्तूंपैकी जे काही वाटण्यांतून आणि वाळवीतून वाचले, ते या न्यासाच्या ताब्यात आहे. गेल्या वर्षी विश्वस्तांनी ठरवले की त्यांतील चार वस्तूंचे, म्हणजे देव्हाऱ्यातील अन्नपूर्णेची मूर्ती, एक उंच समई, एक हस्तलिखित पोथी आणि रविवर्मा छापखान्यातील एक रंगीत शिळाछाप चित्र यांचे शास्त्रीय परीक्षण करून घ्यावे आणि मिळालेली माहिती इतर संग्रहालयांच्या माहितीशी जोडली जाईल अशा रीतीने प्रसिद्ध करावी. वस्तू घराबाहेर न नेता जागेवर येऊन मापन करणारी आणि पुढे त्या माहितीची जोडणीही करून देणारी एक खासगी सेवा आम्ही घेतली. तिच्या चुका पुढे स्पष्ट लिहिल्या आहेत आणि त्यांपैकी बहुतेक त्यांनी कुरकुर न करता दुरुस्त केल्या, म्हणून सेवेचे नाव मी मुद्दाम देत नाही. अशी सेवा घेण्याचा विचार करणाऱ्या न्यासांना, मंदिरांना आणि घराण्यांना नावापेक्षा तपशील अधिक उपयोगी पडेल, असे मला वाटते.

प्रत्यक्ष मापनाच्या दिवसाबद्दल तक्रारीला जागा नाही. दोघे जण वेळेवर आले, स्वच्छ कापड अंथरले, प्रत्येक वस्तूचे मोजपट्टीसह छायाचित्र घेतले आणि मगच यंत्राची पेटी उघडली. हे यंत्र हातात धरण्याजोगे, दिसायला सुताराच्या ड्रिल मशीनसारखे असते. त्यामुळे आमच्या आत्याने आधी आपली शंका फेडून घेतली : ‘‘अगं मुली, देवीच्या अंगाला भोक तर नाही ना पाडणार तू?’’ ‘‘नाही आजी, टेकवायचीही गरज नाही, नुसते किरण पडतात,’’ असे उत्तर मिळाल्यावर आत्या जपमाळ घेऊन समोर बसली ती शेवटच्या वस्तूपर्यंत उठली नाही. यंत्राचे तत्त्व क्ष-किरण प्रतिदीप्तीचे, व्यवहारात ज्याला एक्सआरएफ म्हणतात त्याचे आहे. यंत्रातून सुटलेले क्ष-किरण वस्तूच्या अणूंमधील आतल्या कक्षेतील इलेक्ट्रॉन उडवतात, रिकामी झालेली जागा वरच्या कक्षेतील इलेक्ट्रॉन भरून काढतो आणि तसे करताना त्या त्या मूलद्रव्याच्या ठरलेल्या ऊर्जेचा किरण बाहेर पडतो. तांबे, जस्त, शिसे, पारा, लोखंड ही मंडळी अशा रीतीने आपापली ओळख सांगतात. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यासारखी हलकी मूलद्रव्ये मात्र या यंत्राला दिसतच नाहीत. त्यामुळे नीळ, लाख किंवा डिंक यांच्याबद्दल त्याला विचारण्यात अर्थ नसतो. मापनापूर्वी हे आम्हाला समजावून सांगण्यात आले, ही गोष्ट मी सेवेच्या जमेच्या बाजूला मांडतो.

अहवाल मात्र निराशाजनक होता. दोन आठवड्यांनी एक देखणी पीडीएफ आली. तीत वस्तूंची सुंदर छायाचित्रे, मूलद्रव्यांच्या टक्केवारीची कोष्टके आणि प्रत्येक कोष्टकाखाली एका ओळीचा निष्कर्ष होता. मापन किती विद्युतदाबावर आणि किती सेकंद घेतले, यंत्र कोणत्या प्रणालीवर ठेवले होते आणि कोणत्या प्रमाण-नमुन्याशी, म्हणजे घटक आधीच ठाऊक असलेल्या नमुन्याशी, ते पडताळले, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. मूळ वर्णपट, म्हणजे यंत्राने प्रत्यक्ष नोंदवलेला शिखरांचा आलेख, तर नव्हताच. जाहिरातीत ‘माहितीची जोडणी आणि देवाणघेवाण’ असे ठळक लिहिणाऱ्या सेवेने कोष्टकाचे चित्र करून पाठवावे, म्हणजे त्यातील एकही आकडा दुसऱ्या कोणाला उचलून वापरता येऊ नये, हा विरोधाभास मला बराच वेळ खटकत राहिला.

त्याचा पहिला फटका पोथीला बसला. पोथी देवनागरी आहे. लेखकाने जेथे चुकीची अक्षरे काढली, तेथे पिवळा लेप देऊन ती झाकली आणि त्यावर नवीन अक्षरे लिहिली. हरताळ फासणे हा वाक्प्रचार आपण आज एखाद्या धोरणाबद्दल वापरतो, पण तो आला आहे याच कामातून. पोथ्यांच्या जगात ती रोजची कृती होती. अहवालात मात्र या पिवळ्या जागेपुढे ‘शिसे, मोठ्या प्रमाणात’ अशी नोंद होती आणि निष्कर्षात ‘शिशाचा पिवळा रंग’ असे म्हटले होते. माझा आतेभाऊ रसायनशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक आहे; त्याने पानाकडे नुसते पाहूनच हे मानण्यास नकार दिला आणि मूळ वर्णपटाची मागणी केली. ती आम्हाला तीनदा करावी लागली. वर्णपट आला, तेव्हा घोटाळा उघड झाला. हरताळातील मुख्य मूलद्रव्य आर्सेनिक. त्याची सर्वांत ठळक रेषा, म्हणजे त्याच्या ठरलेल्या ऊर्जेच्या किरणाची वर्णपटातील खूण, सुमारे 10.54 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर (हे ऊर्जेचे एकक) पडते आणि शिशाची ठळक रेषा 10.55 वर. एवढा सूक्ष्म फरक या यंत्राला वेगळा करता येत नाही, दोन्हींचे एकच शिखर दिसते. निर्णय करायचा तो दुय्यम रेषांवरून : शिसे असेल तर 12.6 च्या आसपास दुसरे तेवढेच ठळक शिखर हवे, आर्सेनिक असेल तर 11.7 च्या आसपास लहान शिखर हवे. आमच्या वर्णपटात 11.7 वर उंचवटा होता आणि 12.6 वर काहीच नव्हते. हरताळ म्हणजे आर्सेनिकचे गंधकयुक्त संयुग, तेव्हा गंधकाची साक्ष काढावी म्हटले, तर तिचीही रेषा शिशाच्या आणखी एका रेषेत मिसळते. म्हणून ती बाजूला ठेवावी लागली. एकंदरीत तो हरताळच होता. यंत्रातील संगणकाने शिखर पाहून आपल्या मनाने ‘शिसे’ ठरवले आणि अहवाल लिहिणाऱ्याने ते तसेच उतरवून घेतले.

ही काही केवळ विद्वत्तेची बाब नाही. हरताळ विषारी आहे आणि आमच्या घरात बोटाला थुंकी लावून पान उलटण्याची सवय तीन पिढ्यांची आहे. कोष्टकातील एक शब्द चुकल्यामुळे आम्ही ही सवय तशीच चालू ठेवली असती. दुसरे असे की आमची नोंद ‘शिसे’ म्हणून प्रसिद्ध झाली असती, तर पोथ्यांच्या रंगद्रव्यांचा तौलनिक अभ्यास करणाऱ्या एखाद्या अभ्यासकाच्या यादीत ती बिनबोभाट जाऊन बसली असती. वर्णपट सोबत असता, तर तो मनुष्य जगात कोठेही बसून पाच मिनिटांत चूक पकडू शकला असता.

चित्राच्या बाबतीतही अशाच प्रकारची गफलत निघाली. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आमचे चित्र त्याच छापखान्याचे, परंतु अहवालाने पांढऱ्या भागात टायटॅनियम सापडल्याचे सांगून चित्रावर नंतर हात फिरवला गेल्याचा निष्कर्ष काढला होता, कारण टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला तो 1920 च्या आसपास. येथेही टायटॅनियमची मुख्य रेषा बेरियमच्या एका रेषेला जवळजवळ चिकटून असते, आणि बेरियम असलेला लिथोपोन हा पांढरा रंग 1870 च्या दशकापासून वापरात होता. सेवेने दुसऱ्यांदा येऊन, विद्युतदाब 50 किलोव्होल्टपर्यंत वाढवून पुन्हा मापन केले, तेव्हा 32 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टजवळची बेरियमची खरी ओळखरेषा दिसली. दुसऱ्या फेरीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे नमूद केले पाहिजे.

अन्नपूर्णेच्या मूर्तीचे मापन मला सर्वांत रोचक वाटले. मूर्ती पितळेची, जस्ताचा आकडा तिशीच्या बराच वर आला. या आकड्याला महत्त्व आहे, कारण जुन्या पद्धतीत तांब्याचे तुकडे, जस्ताचे खनिज आणि कोळसा एकत्र मुशीत बंद करून तापवत, आणि त्या रीतीने पितळेत जाणारे जस्त साधारण 28 टक्क्यांच्या आसपास अडते. त्याहून बरेच अधिक जस्त हवे असेल, तर धातुरूपातील जस्तच तांब्यात मिसळावे लागते. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळून वाफ होते, त्यामुळे ते भट्टीत हाती लागत नाही. ती वाफ खाली उतरवून थंड करण्याची युक्ती राजस्थानात उदयपूरजवळ जावर येथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. त्या भट्ट्यांचा शोध 1980 च्या दशकात ज्या तीन संस्थांनी मिळून घेतला, त्यांत ब्रिटिश म्युझियम आणि हिंदुस्थान झिंक यांच्याबरोबर आमच्याच शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठ होते आणि विद्यापीठाच्या बाजूने प्रा. के. टी. एम. हेगडे यांनी त्यात काम केले. बडोद्यातील एका देव्हाऱ्यातील मूर्तीचा आकडा बडोद्यातीलच संशोधनाशी जोडता यावा, यापेक्षा ‘जोडणी’ या शब्दाचे सोपे उदाहरण मला देता येणार नाही. सेवेच्या अहवालात मात्र या जोडणीचा मागमूस नव्हता.

या आकड्यावर किती विसंबायचे, तेही अहवालात सांगितले नव्हते. हे यंत्र धातूच्या अगदी वरच्या, केसाच्या जाडीहूनही कमी थराची माहिती देते. ज्या मूर्तीला शतकभर चिंचेने घासले, तिच्या पृष्ठभागावरील जस्त आतल्यापेक्षा कमी झालेले असू शकते. शिवाय मिश्रधातूंच्या प्रणालीत यंत्र सापडलेल्या मूलद्रव्यांची बेरीज 100 करून दाखवते, मग न दिसणारे काही त्यात असो वा नसो. बेरीज बरोबर 100 आली म्हणून खूश झालेला आमच्यातील एक विश्वस्त मला हिशेबतपासनिसाची आठवण करून देऊन गेला.

आता सेवेचा दुसरा भाग, म्हणजे माहितीची जोडणी. येथे त्यांचा पाया पक्का आहे, हे मान्य करावे लागेल. त्यांनी नोंदींची रचना सीडॉक सीआरएम या प्रतिमानावर केली आहे. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या दस्तऐवजीकरण समितीने सिद्ध केलेले हे प्रतिमान 2006 साली आयएसओ 21127 या क्रमांकाने मानक झाले. त्याचा गाभा असा, की वस्तूला थेट गुणधर्म चिकटवायचे नाहीत. मधे घटना ठेवायची. ‘मूर्तीत जस्त इतके टक्के’ असे न लिहिता ‘अमुक दिवशी, अमुक यंत्राने, अमुक व्यक्तीने, मूर्तीच्या अमुक जागेवर मापन केले आणि त्यातून हा आकडा निघाला’ असे लिहायचे. पहिल्यांदा हे द्राविडी प्राणायामासारखे वाटते. पण बडोद्यात राहणाऱ्या माणसाला ते परके वाटू नये. आमच्या प्राच्यविद्या मंदिराने वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्ती 1960 ते 1975 या काळात सात खंडांत प्रसिद्ध केली. तिच्या प्रत्येक पानाच्या तळाशी कोणत्या हस्तलिखितात कोणता पाठ आहे, हे खुणांसह दिलेले असते. संपादकांनी एक पाठ स्वीकारला म्हणून बाकीचे फेकून दिले नाहीत. मापनांचेही तसेच व्हायला हवे : ‘शिसे’ हा पहिला पाठ, ‘आर्सेनिक’ हा दुसरा, आणि प्रत्येकासोबत तो कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे दिला याची खूण.

रचना अशी भक्कम असताना तिच्यात भरलेला मजकूर मात्र हलगर्जीचा होता. द्रव्याच्या रकान्यात अन्नपूर्णेला त्यांनी गेटी संस्थेच्या कला-स्थापत्य शब्दकोशातील ‘ब्राँझ’, म्हणजे तांबे आणि कथिल यांचा मिश्रधातू, या संज्ञेशी जोडले होते. हा शब्दकोश 2014 पासून जोडमाहितीच्या, म्हणजे संगणकाला इतर नोंदींशी जोडता येईल अशा, रूपात सर्वांना मोफत उपलब्ध आहे आणि त्यातील प्रत्येक संज्ञेला कायमचा क्रमांक आहे, त्यामुळे निवड योग्यच. परंतु त्याच कोशात पितळेलाही स्वतंत्र क्रमांक आहे. भारतीय धातुमूर्तींना सरसकट ब्राँझ म्हणण्याची इंग्रजीतील जुनी सवय येथे नडली असावी. परिणामी एकाच नोंदीत वर ‘ब्राँझ’ आणि खाली जस्ताची घसघशीत टक्केवारी, कथिल मात्र नाममात्र, असे चित्र दिसत होते. यंत्राला दिसलेले नोंद करणाऱ्याने वाचले नव्हते. पितळ, कासे आणि पंचधातू हे तीन शब्द आमच्या आत्याला नीट वेगळे करता येतात. तिला विचारले असते तरी चालले असते.

जागेच्या नावाबाबत मात्र त्यांनी शहाणपणा दाखवला. आमच्या कागदांत हे शहर कोठे बडोदे, कोठे बडोदा, इंग्रजी कागदांत बरोडा आणि आता वडोदरा असे येते. नोंदीत शहराला विकिडेटा या खुल्या माहितीसंग्रहातील एकाच ओळख-क्रमांकाशी जोडून ही सर्व नावे त्याखाली ठेवली, त्यामुळे कोणत्याही नावाने शोधणाऱ्याला आमची वस्तू सापडते. 2012 साली सुरू झालेल्या विकिडेटावर मराठी नाव देण्याची सोय पहिल्यापासून आहे, तरीही वस्तूंची मराठी नावे त्यांनी भरली नव्हती. समई ‘ऑइल लॅम्प’ होऊन बसली होती. ती आम्ही सांगितल्यावर बदलली. मोडी लिपीतील आमच्या जुन्या जिन्नसवार यादीत याच समईचे वजन शेरांत लिहिलेले आहे. ते वजन आणि आजचे ग्रॅममधील वजन शेजारी शेजारी नोंदवावे, अशी आमची इच्छा होती. सीडॉक सीआरएममध्ये त्याला मुळीच अडचण नाही, कारण जुने वजन हीसुद्धा एक मापनाची घटनाच आहे; परंतु सेवेच्या अर्जात एककांची यादी बंद होती आणि तीत शेर नव्हता. ही उणीव अजूनही तशीच आहे.

छायाचित्रांची मांडणी हा या सेवेचा सर्वांत उत्तम भाग. आंतरराष्ट्रीय प्रतिमा-विनिमयाच्या ट्रिपल-आय-एफ या पद्धतीने चित्रे ठेवल्यामुळे ती ही पद्धत वापरणाऱ्या कोणत्याही संग्रहालयाच्या चित्रे दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत उघडतात, आणि जेथे जेथे मापन घेतले ती जागा चित्रावर खूण करून दाखवलेली असते. खुणेवर बोट ठेवले की त्या जागेचा वर्णपट समोर येतो. मूर्तीच्या झिजलेल्या नाकावरचा आकडा आणि पाठीच्या काळसर खोबणीतील आकडा यांत फरक का पडला, हे कोष्टकातून कळले नसते. चित्रावर पाहताक्षणी कळते.

प्रसिद्धीच्या बाबतीत विश्वस्तांमध्ये मतभेद होते, आणि ते रास्तच होते. देव्हाऱ्यातील मूर्ती नेमकी कोणत्या वाड्यात आहे, हे जगाला सांगणे म्हणजे चोराला पत्ता देणे. 1972 च्या पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तू आणि 75 वर्षांहून जुनी हस्तलिखिते पुरावशेषांत मोडतात, तेव्हा मालकीचे कागद नीट असणे हाही प्रश्न होताच. शेवटी असे ठरले, की मापने, वर्णपट आणि मापनस्थाने दाखवणारी छायाचित्रे खुली ठेवायची, ठिकाण केवळ शहरापर्यंत सांगायचे आणि देव्हाऱ्याची छायाचित्रे द्यायची नाहीत. सेवेने या तीन पायऱ्या वेगवेगळ्या करून दिल्या, त्यासाठी हुज्जत घालावी लागली नाही.

हुज्जत घालावी लागली ती माहिती कोठे राहणार यावर. त्यांच्या मूळ करारानुसार सर्व काही त्यांच्याच सर्व्हरवर, वार्षिक आकार भरत असेपर्यंतच राहणार होते. उद्या आकार थकला किंवा दुकान बंद झाले, तर आमच्या वस्तूंचे कायमचे ओळख-क्रमांक कशाला ‘कायमचे’ म्हणायचे? युरोपातील सर्न या संशोधन संस्थेने 2013 मध्ये सुरू केलेल्या झेनोडो या भांडारात कोणालाही माहिती विनामूल्य ठेवता येते आणि प्रत्येक संचाला डीओआय हा कायमचा ओळख-क्रमांक मिळतो. त्याचा आग्रह धरल्यावर त्यांनी वर्णपटांच्या साध्या मजकूर-फाइली, सीएसव्ही कोष्टके आणि नोंदी तेथे ठेवल्या. पीडीएफही ठेवली आहे. ती आता शोभेला आहे.

सेवेचा आकार दोन भागांत घेतात : मापनाचा दिवसाच्या हिशेबाने आणि जोडणीचा वस्तूच्या हिशेबाने. चार वस्तूंसाठी दिवसाचा आकार जड वाटतो. दहा-बारा वस्तू असतील, तर तो परवडण्याजोगा होतो, म्हणून लहान न्यासांनी शेजारच्या एखाद्या घराण्याला सोबत घ्यावे. मापनासाठी मी ही सेवा निःसंकोच सुचवीन. जोडणीसाठी सुचवीन ती अटी घालून : मूळ वर्णपट, यंत्राची स्थिती आणि पडताळणीचे प्रमाण-नमुने सुरुवातीलाच करारात लिहून घ्यावेत, आणि कोष्टकातील निष्कर्ष एखाद्या जाणकाराच्या नजरेखालून गेल्याशिवाय प्रसिद्ध करू देऊ नयेत. पाचांपैकी द्यायचे तर पहिल्या अहवालाला दोन आणि दुरुस्त नोंदींना चार गुण देतो. पाचवा शेराच्या रकान्यासाठी राखून ठेवला आहे.

पोथीच्या नोंदीत ‘शिसे’ हा पहिला निष्कर्ष आम्ही काढून टाकू दिला नाही. तो त्याच्या तारखेसह तसाच आहे आणि त्याखाली, वर्णपटाच्या दुव्यासह, नवा निष्कर्ष आहे. पोथी आता नव्या लाल बासनात आहे. बासनात हातमोज्यांची एक जोडी ठेवली आहे आणि वर आत्याच्या हस्ताक्षरात चिठ्ठी लावली आहे : थुंकी लावू नये.